रॅक डुलतो, सुई उडते, आवाज घुमतो : मशीन दुरुस्तीला नेण्याआधी हे बघा

सोलापुरात घरच्या घरी, कमी खर्चात बनवलेले म्युझिक सिस्टिमचे रॅक दुरुस्त करायचं काम माझ्याकडे सतत येतं. कुणाचा स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा असतो, कुणाचा प्लायचा, कुणी जुन्या कपाटाच्या फळ्या जोडलेल्या असतात. पण तक्रार घेऊन येणारा माणूस रॅक आणत नाही. तो ॲम्प्लिफायर नाहीतर रेकॉर्ड प्लेअर चादरीत गुंडाळून आणतो. माझ्या टेबलावर ते मशीन व्यवस्थित वाजतं. घरी नेऊन रॅकवर ठेवलं की दुखणं परत सुरू.

त्यामुळे माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं : मशीनचे स्क्रू खोलण्याआधी ते ज्यावर ठेवलंय ते तपासा. यातल्या बऱ्याच तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

लक्षणं

खालीलपैकी काही तुमच्याकडे घडत असेल तर पुढे वाचा.

– रेकॉर्ड चालू असताना कुणी खोलीतून चाललं किंवा दार आपटलं की सुई उडते, नाहीतर त्याच खाचेत अडकून तीच ओळ परत परत वाजते.

– आवाज एका मर्यादेच्या वर नेला की खालून घुमारा सुरू होतो आणि तो आपोआप वाढत जातो. आवाज कमी केला की थांबतो.

– डग्गा किंवा तानपुऱ्याचा खर्ज एखाद्याच सुरावर फुगतो. बाकीचं गाणं स्वच्छ.

– अर्धा-पाऊण तास वाजल्यावर ॲम्प्लिफायर गप्प होतो, थोड्या वेळाने आपणहून चालू होतो. मे महिन्यात रोज, डिसेंबरात क्वचित.

– गाणं लावलेलं नसतानाही स्पीकरमधून बारीक गुणगुण येते.

– फळी मधोमध बसली आहे, किंवा रॅकला हात लावला की तो डुलतो.

पहिली दोन लक्षणं कंपनाची. चौथं उष्णतेचं, पाचवं वायरिंगचं. सहावं तर डोळ्यांनाच दिसतं, तरी लोक वर्षानुवर्षं तसंच चालवतात. तिसऱ्याचं मूळ बहुतेक वेळा स्पीकरच्या जागेत असतं.

फुकटातल्या तपासण्या

सर्वात आधी मशीन रॅकवरून खाली घ्या. जमिनीवर किंवा भक्कम लाकडी टेबलावर ठेवा, त्याच वायरी, तेच स्पीकर, तीच रेकॉर्ड, आणि तासभर वाजवा. तक्रार गेली तर दोष रॅकचा. तशीच राहिली तर रॅकवर पैसे घालू नका. ही तपासणी पहिली ठेवण्याचं कारण असं की पुढच्या सगळ्या खर्चाची दिशा इथेच ठरते.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर दुसरी तपासणी बोटाने करायची. थाळी बंद ठेवा, रेकॉर्ड फिरू देऊ नका. सुई हळूच थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवा. ॲम्प्लिफायरचा आवाज आधी पूर्ण कमी, मग रोज ऐकता त्याच्या निम्म्यापर्यंत सावकाश वाढवा. आता मशीनला हात न लावता रॅकच्या फळीवर बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून बारीक, लगेच विरणारा ‘टक्’ आला तर फळी चांगली आहे. ‘धुम्म्’ असा लांबलेला आवाज आला तर ती टिचकी फळीने धरून ठेवली आणि सुईपर्यंत पोचवली. मग फळीच्या मध्यावर, कडेला, उभ्या खांबावर, शेवटी रॅकशेजारच्या जमिनीवर टिचक्या मारत जा. सर्वात मोठा आवाज जिथे येतो तिथून दुरुस्ती सुरू करायची. ज्याला एकदा हे करून दाखवलं तो पुढे माझ्याकडे मशीन आणत नाही, रॅकचा फोटो पाठवतो.

एवढ्या बारीक कंपनाचा त्रास का व्हावा, असं विचारतात. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजची (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग) सुई दीड-दोन ग्रॅम दाबावर चालते. खाचेच्या भिंतीतले केसाहून बारीक चढउतार वाचणं हेच तिचं काम. फळी हलते की गाणं हलतं, हा फरक सुईला कळत नाही. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीतल्या प्लेअरची सुई यापेक्षा कितीतरी जड दाबाने चालायची, म्हणून ती सहसा उडायची नाही. ‘वडिलांच्या वेळी याच टेबलावर नीट वाजायचं’ असं जे सांगतात त्यांचं म्हणणं खरं असतं. बदललं ते मशीन.

यानंतर स्पीकर रॅकवरून खाली उतरवा. स्वस्त रॅक बनवताना जागा वाचावी म्हणून प्लेअर वर, ॲम्प्लिफायर मध्ये आणि दोन्ही बाजूंना स्पीकर अशी रचना सर्रास होते. स्पीकरचा खर्ज फळी हलवतो, फळी सुई हलवते, सुई तेच कंपन ॲम्प्लिफायरला देते, तो ते मोठं करून परत स्पीकरला पाठवतो. वाढत जाणारा घुमारा म्हणजे हाच फेरा. स्पीकर वेगळ्या स्टुलावर ठेवले की अर्ध्याहून अधिक घरांत दुसऱ्या लक्षणाचा निकाल तिथेच लागतो. ज्या स्पीकरला मागे भोक असतं तो भिंतीपासून वीतभर तरी पुढे ओढा आणि खोलीच्या कोपऱ्यातून काढा. कोपरा खर्ज फुगवतो, तेच तिसरं लक्षण.

ॲम्प्लिफायरवर झाकण टाकलंय का, तेही बघा. आपल्या गावात हे सांगावंच लागतं, कारण टर्किश टॉवेल आणि चादरी घरोघरी आणि धूळही भरपूर. धूळ बसू नये म्हणून मशीनवर घातलेला टॉवेल चालू मशीनवर तसाच राहतो. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. खोलीतच इतकी उष्णता असताना ॲम्प्लिफायरची स्वतःची उष्णता जायला वाव हवा. नेहमीच्या ॲम्प्लिफायरमध्ये आत गेलेल्या विजेचा मोठा हिस्सा नुसताच तापण्यात जातो, गाणं हळू वाजत असलं तरी. वर किमान चार इंच आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळी जागा ठेवा. रॅकची मागची बाजू बंद असेल तर ती उघडा. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या बाबतीत सर्वसाधारण हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. चौथं लक्षण हे संरक्षणाचं सर्किट आपलं काम करत असल्याचं लक्षण आहे. त्याला पुन्हा पुन्हा तिथपर्यंत नेऊ नका.

एकावर एक मशीन रचलेली असतील तर ॲम्प्लिफायर सर्वात वर घ्या. प्लेअर त्याच्यावर अजिबात ठेवू नका. खालच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण कार्ट्रिजमध्ये शिरते आणि वरच्या रेकॉर्डला ऊब लागून ती वाकते, असं दुहेरी नुकसान.

गुणगुण : पैसे लागत नाहीत, धीर लागतो

गुणगुण चालू असताना प्लेअर हातात उचलून ॲम्प्लिफायरपासून हळूहळू लांब न्या, मग थोडा फिरवा. आवाज कमी-जास्त झाला तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कारणीभूत आहे. औषध म्हणजे अंतर : दोन मशीन वेगवेगळ्या टोकांना ठेवणं. काही फरक पडला नाही तर वायरी बघा. रॅकच्या मागे सगळ्या वायरी एकत्र बांधून नीटनेटकी जुडी करायची सवय असते. तीच जुडी सोडा. विजेच्या वायरी एका खांबाला, सिग्नलच्या दुसऱ्या खांबाला. जिथे ओलांडाव्याच लागतात तिथे काटकोनात ओलांडा. विजेची वायर सिग्नलच्या वायरीला जितकी लांबवर समांतर जाते तितकी ५० हर्ट्झची गुणगुण तिच्यात उतरते.

प्लेअरमागून येणारी बारीक अर्थची तार ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला आवळलेली आहे ना? ती सुटलेली मी कितीतरी घरांत बघितली. रॅक पुसताना ओढली जाते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गुणगुण वाढते आणि लाइट आल्यावर जाते, असं होत असेल तर तो दोष ना रॅकचा ना मशीनचा. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटांची असते, ती ट्रान्सफॉर्मरला खरखरवते. तेवढा वेळ सिस्टिम बंद ठेवणं उत्तम.

आणि एक गोष्ट कुणीही सांगितली तरी करू नका : गुणगुण जावी म्हणून थ्री-पिनची अर्थची पिन काढणं. गुणगुण जाईलही, पण दोष आला तर वीज तुमच्या हातातून जमिनीत जाईल.

थोड्या पैशांत होणारं

आता रॅकच्या अंगाला हात लावू. वरच्या फळीवर पाणसळ ठेवा, आडवी आणि मग उभी. पाणसळ नसेल तर काठोकाठ भरलेलं सपाट ताट चालतं, मशीन मात्र आधी बाजूला काढा. फळी समतल नसली की प्लेअरचा आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, एका बाजूला सरकू पाहतो, सुई खाचेच्या एकाच भिंतीला घासते, आणि उडायला तेवढं निमित्त पुरतं.

चार पायांचा रॅक शहाबादी फरशीवर क्वचितच चारही पायांवर टेकतो. कोपऱ्यावर बोट दाबून बघा. किंचित खटका जाणवला तर तो पाय हवेत आहे. सायकलच्या जुन्या टायरचे किंवा रबरी चपलेच्या तळाचे तुकडे कापून खाली सरकवा. पुठ्ठा नको, तो महिन्याभरात चेपतो. हे काम वर्षातून दोनदा करावं लागतं, निदान काळ्या मातीवर बांधलेल्या तळमजल्यांत तरी. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरची फरशी थोडीथोडी सरकते. उन्हाळ्यात नीट बसलेला रॅक गणपतीच्या सुमाराला डुलायला लागला तर रॅकवर चिडू नका.

मग नटबोल्ट. लाकूड आणि प्लाय कोरड्या हवेत आकसतात, पावसाळ्यात फुगतात, त्यामुळे दर मोसमात पकड थोडी सैल होते. पाना घेऊन प्रत्येक नट आवळा. प्लायवर थेट नट असेल तर मोठा वॉशर घाला, नाहीतर नट लाकडात रुततो आणि घट्ट असल्यासारखा नुसता भासतो. थ्रेडेड रॉडच्या, म्हणजे आटे पाडलेल्या लोखंडी सळ्यांच्या रॅकमध्ये प्रत्येक फळीच्या वर एक आणि खाली एक नट लागतो. फक्त खालचे नट लावून फळी वजनावर टेकवलेली असेल तर ती थरथरणारच.

स्लॉटेड अँगलच्या रॅकमध्ये आधी तिकोनी पट्ट्या शोधा. कोपऱ्याकोपऱ्याला बसणाऱ्या त्या छोट्या पट्ट्या दुकानदार देतो, घरी बसवताना ‘एका बोल्टनेही बसतंय की’ म्हणून त्या पिशवीतच राहतात. एका बोल्टचा सांधा म्हणजे बिजागरी. तो फिरतो. पट्ट्या लावल्या की तोच रॅक दुसरा वाटतो. अशा रॅकचे पत्र्याचे ट्रे घणघणतात, त्यावर जाड रबरी मॅट आणि तिच्यावर प्लायचा तुकडा ठेवला की ते गप्प होतात.

शहाबादी फरशीचा तुकडा

स्वस्त उपायांत माझा सर्वात आवडता हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शहाबाद आपल्यापासून लांब नाही. तिथला दगड या भागातल्या घराघरांत तळाला आहे आणि फरशीवाल्याकडे तुटके तुकडे पडलेले असतात. दोन फूट बाय दीड फुटाचा, इंचभर जाडीचा तुकडा साधारण १८ किलो भरतो. प्लेअरखाली इतकं वस्तुमान आलं की छोटे धक्के त्याला हलवूच शकत नाहीत. कडा घासून घ्या, नाहीतर बोटं कापतात.

पण दगड नुसता फळीवर ठेवून भागत नाही. त्याच्याखाली मऊ काहीतरी हवं. टेनिसचे दोन चेंडू अर्धे कापून चार वाट्या चार कोपऱ्यांना पालथ्या घातल्या तर बऱ्याच ठिकाणी काम होतं. याहून चांगली लहान मुलांच्या सायकलची ट्यूब. सायकलच्या दुकानातून पंक्चर काढलेली जुनी आणा, फळीवर गोल ठेवा, वर दगड ठेवा आणि दगड फळीपासून जेमतेम सुटेल इतकीच हवा भरा. हवा जास्त झाली की ट्यूब कडक होते आणि सगळा उपयोग संपतो.

जास्त हवा का नको, ते समजून घ्या, म्हणजे बाकीचे जुगाडही पारखता येतील. कुठलाही मऊ आधार स्वतःच्या एका ठराविक वेगाने डुलतो. त्या वेगाच्या साधारण दीडपट आणि त्याहून जलद कंपनं तो थोपवतो. त्या वेगाच्या जवळची कंपनं मात्र वाढवतो. प्लेअरचा आर्म आणि कार्ट्रिज मिळून सेकंदाला ८ ते १२ वेळा डुलू पाहतात. आधाराचा वेग याच्या बराच खाली हवा. कमी हवेची ट्यूब आणि जड दगड हे जमवतात. जाड, कडक रबराचे तुकडे आणि वर हलका प्लेअर यांनी ते जमत नाही. ज्या प्लेअरच्या आतच स्प्रिंगवर टांगलेली थाळी असते त्याला मात्र हा उपाय करू नका. दोन स्प्रिंगा एकमेकींवर डुलायला लागतात. त्याला हलकी, ताठ फळी हवी.

अशोक चौकाच्या बाजूला ज्या घरांची भिंत कापड विणायच्या मागाला लागून आहे तिथली गोष्ट वेगळी. एका अण्णांच्या घरी दुपारी रेकॉर्ड वाजवली की स्पीकरचा पडदा आतबाहेर हलताना डोळ्यांनी दिसायचा, त्या हलण्याचा आवाज मात्र काहीच यायचा नाही. संध्याकाळी माग बंद झाले की पडदा शांत. मी भिंतीवर तळहात ठेवला, मग अण्णांचा हात ठेवायला लावला. धोट्याचा एकेक फटका हाताला कळत होता. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसच्या खालची कंपनं ऐकू येत नाहीत, सुईला ती सगळी पोचतात, आणि ॲम्प्लिफायरची ताकद आणि स्पीकरचं आयुष्य त्यातच खर्च होतं. तिथे आधी रॅक त्या भिंतीपासून सुटा केला. तो तिला टेकलेला होता. मग समोरच्या भिंतीकडे नेला, ट्यूब आणि शहाबादी घातली. पडदा पूर्ण स्थिर झाला असं म्हणणार नाही, पण सुई उडणं थांबलं. मागाच्या भिंतीवर कंस ठोकून फळी लावायचा त्यांचा बेत होता, तो मी हात जोडून थांबवला.

ट्यूब-दगड घालण्याआधी खालची फळी हे वजन पेलते का, हे बघणं आलंच.

झुकलेली फळी

इथून पुढे वखारीत जावं लागतं.

फळी किती झुकते हे दोन गोष्टींवर ठरतं आणि दोन्ही लोकांच्या अंदाजापेक्षा फार जोराने चालतात. मधोमध ठेवलेल्या वजनाखाली, आधारांमधलं अंतर दीडपट केलं की झोक तिपटीहून जास्त होतो. जाडी १२ मिलिमीटरवरून १९ वर नेली की झोक जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे तीन फुटांची बारीक फळी आणि दोन फुटांची जाड फळी यांत तेराएक पटींचा फरक पडतो. पैसे वाचवायचे तर रॅकची रुंदी वाचवा, जाडी नको.

रेकॉर्ड ठेवायचा खण असेल तर वजनाचा हिशेब आधीच करा. कव्हरसकट उभ्या लावलेल्या एलपींची एक फूट रांग १५ किलोच्या आसपास जाते. तीन फुटांची फळी भरली की पंचेचाळीस-पन्नास किलो झाले. खणाची उंची आतून साडेतेरा इंच ठेवा. आणि तो खण पश्चिमेच्या भिंतीला नको. उन्हाळ्यात दुपारनंतर ती भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते आणि तिरक्या कललेल्या रेकॉर्ड तिथे हमखास वाकतात.

फळी कसली आहे ते कडेवरून ओळखा. कडेला थर दिसले तर प्लाय, चुरा दाबल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड. पार्टिकल बोर्ड एकदा झुकला की पुन्हा सरळ होत नाही, उलटा लावला तर काही दिवसांत दुसऱ्या बाजूला झुकतो. त्याच्यावर मेहनत घालू नका. प्लाय मात्र वाचवता येतो. मशीन उतरवा, फळी उलटी करा, आणि पुढच्या कडेला दोन इंच उंचीची लाकडी पट्टी उभी, फेव्हिकॉल लावून आणि दर सहा इंचांवर स्क्रू मारून बसवा. पट्टी आडवी लावली तर काही उपयोग नाही, उभी म्हणजे उभीच. एका पट्टीने १९ मिलिमीटरच्या फळीचा ताठपणा जवळपास दुप्पट होतो, चिकटवणं नीट झालं तर त्याहून जास्त.

नवीन फळी घेताना अर्धं शीट मागा, चार फूट बाय चार फूट, १९ मिलिमीटर. त्यातून सोळा इंच खोलीच्या आणि दोन फूट लांबीच्या सहा फळ्या निघतात, करवतीची वाट धरून माप एखाद्या सुताने कमी. वखारवाल्याला कापायच्या आधी वरच्या थराच्या रेषांकडे बोट दाखवून सांगा, की या रेषा फळीच्या लांबीकडे धावल्या पाहिजेत. अर्धं शीट चौकोनी असल्याने कापणारा कुठूनही कापतो, आणि रेषा आडव्या गेल्या तर जाड फळीही लवकर झुकते. खडूने बाण काढून देणं सर्वात चांगलं. खालच्या फळीला वाळवीचं औषध आणि सगळ्या कडांना रंग किंवा वॉर्निश, कारण ओल कडेतूनच शिरते.

रॅकच डुलत असेल तर

सगळे नट आवळले, पाय टेकवले, तरी रॅकला बाजूने ढकललं की तो झुलून परत येतो? मग चौकटीचा काटकोन टिकत नाहीये. मागून दोन्ही कर्ण टेपने मोजा. सारखे नसतील तर रॅक आधीच कलला आहे. ढकलून कर्ण सारखे करा आणि तसंच धरून मागे सहा मिलिमीटरचा प्लाय चारी कडांना स्क्रूने बसवा. पूर्ण पाठ झाकायची नाही, ॲम्प्लिफायरच्या खणाची पाठ उघडी सोडायची. नाहीतर दोन लोखंडी पट्ट्या तिरक्या, एकमेकींना छेदून लावा. चार बाजूंची चौकट सांध्यांत फिरून तिरकी होऊ शकते, त्रिकोणाला ते शक्य नाही. एवढ्या एका कारणासाठी ही पट्टी.

थ्रेडेड रॉडचा रॅक असेल तर रॉडची जाडी बघा. १० मिलिमीटरच्या ऐवजी १६ चा रॉड सहापटीहून जास्त ताठ असतो. रॉड बदलायचे नसतील तर रॅक बुटका करा, एक खण काढून टाका. उंच, सडपातळ रॅक दिसायला चांगला वाटतो, पण घरात लहान मूल असेल तर तो भिंतीला वरच्या बाजूने बांधलाच पाहिजे. पोरं फळ्यांना शिडी समजून चढतात आणि वर शहाबादीचा दगड आहे, हे विसरू नका.

जुन्या पेठांतल्या वाड्यांत माडीवर सिस्टिम ठेवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. लाकडी तुळयांवर फळ्या आणि माती अशी जमीन पावलागणिक लवते. तिथे रॅक कितीही भक्कम केला तरी तो जमिनीबरोबर हलणारच. दारापासून आणि चालण्याच्या वाटेपासून दूर, तुळईचं टोक भिंतीत शिरतं त्या बाजूला रॅक न्या, तिथे लवण कमी असते. तेवढ्याने भागलं नाही तर प्लेअरपुरती फळी भिंतीवर घ्यावी लागते.

भिंतीवरची फळी हा सर्वात खर्चिक आणि सर्वात धोक्याचा उपाय, म्हणून शेवटी. ठोकून बघून भिंत ओळखा. पक्क्या विटांची असेल तर गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग) आणि लांब स्क्रूवर लोखंडी कंस छान बसतो. मातीत बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीत गिट्टी फिरते. नव्या फ्लॅटमधल्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सुरुवातीला धरते आणि वजनाने हळूहळू बाहेर येते. तिला वेगळे, लांब प्लग लागतात आणि ड्रिलचा हातोडा बंद ठेवून भोक पाडावं लागतं.

इथे थांबा

मशीनच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा टेस्टर लागला, तर प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. जुन्या घरांत अर्थिंगच नसतं, किंवा सॉकेटला तिसरं भोक असूनही मागे तार नसते. हे रॅकवाल्याचं काम नाही आणि तुमचंही नाही. वायरमनकडून अर्थिंग नुसतं ‘आहे’ असं ऐकू नका, मोजून घ्या.

जळका वास, पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज किंवा एमसीबी, मोकळ्या टेबलावरही तापून बंद पडणारा ॲम्प्लिफायर : हे दुरुस्तीवाल्याकडे. स्वतः झाकण उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये विजेचा धोकादायक दाब राहतो.

भिंतीत भोक पाडताना माती सुटत राहिली, आत पोकळ लागलं, किंवा कंसाजवळून तिरकी भेग निघाली तर वजन उतरवा आणि गवंडी नाही, इंजिनिअर बोलवा. माडीची जमीन आधीपेक्षा जास्त लवायला लागली असेल तरी तसंच. अशा वेळी प्रश्न सुईचा उरत नाही, तुळईचा असतो.

सुतार बोलवायची वेळ आली तर त्याला ‘म्युझिक सिस्टिमचा रॅक’ एवढंच सांगून सोडू नका, तो टीव्हीचं शोकेस बनवून देईल. एका कागदावर लिहून द्या : प्रत्येक मशीनची रुंदी, खोली आणि उंची, मागे वायरींसाठी तीन इंच, वर हवेसाठी चार इंच, प्रत्येक खणावरचं वजन किलोत, फळी १९ मिलिमीटर आणि रेषा लांबीकडे, पुढे उभी पट्टी, आधार दोन फुटांवर, पाठ अर्धी उघडी, चारही पायांना खालीवर होणारे बोल्ट. आणि काम संपल्यावर, पैसे देण्याआधी, प्लेअर ठेवून त्याच्यासमोर टिचकीची तपासणी करून बघा.